फळ्यावरचं चौथं नाव

शुक्रवारी सकाळी साडेसातला पेर्ला गुम्बान नांग पिलायच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक निळी, एक तपकिरी. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

नांग पिलायने चपलांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. सव्वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे उकरल्यावर तिने बंदरालगतच्या या गावात खासगी तपासाची पाटी लावली होती. वय साठीला टेकलेलं, म्हणून सगळ्या गावाची 'नांग', म्हणजे ताई; आवाज बारीक, नजर चाकूसारखी. तिचा मदतनीस बोयेत कोपऱ्यात पाव कॉफीत बुडवून खात होता. ट्रायसिकल रिक्षा चालवणं, वहीत टिपणं करणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही त्याची तीन कामं. तिसरं तो फार मन लावून करी.

"नांग, दुपारी दोनला माझी चौकशी आहे," पेर्ला म्हणाली. "माझी शिक्षिकेची सनद जाणार. पण ते जाऊ दे. सगळ्या गावाला वाटतंय, मी एका पोरीला कोंडून मारायला निघाले होते."

"मिकायबद्दल बोलतेस ना? ऐकलंय थोडंफार. पण तू सांग, पहिल्यापासून."

पेर्लाने सांगितलं. ती दुसरीला शिकवते. वर्गात छत्तीस मुलं. त्यांतली एक सात वर्षांची, कागदोपत्री हॅन्झेल फेथ तुपास, एरवी मिकाय. मिकाय शाळेत बोलत नाही. आई परदेशी कामाला गेल्यापासून एक शब्द नाही. अनोळखी माणूस दिसला की ती पेर्लाच्या टेबलाखाली जाऊन बसते. पेर्लाने तिथे एक उशीच ठेवली आहे.

"ओरडून ती बाहेर येत नाही, नांग. बसू दिलं की दहा मिनिटांत आपली आपण येते."

काल शाळेत शिक्षण कार्यालयाच्या पर्यवेक्षक बाई येणार होत्या. साडेनऊला पेर्लाला खाण्यापिण्याच्या तयारीला बोलावलं. वर्ग तिने नेहमीसारखा वर्गचिटणीस जोपायवर सोपवला. बाई बाहेर गेल्या की गोंगाट करणाऱ्यांची नावं चिटणीसाने फळ्यावर लिहायची, पुन्हा बोलला तर नावापुढे रेघ वाढवायची. ज्यांची नावं येतील त्यांनी दुसऱ्या दिवशी बागेला पाणी घालायचं. एवढीच शिक्षा.

"साडेदहाला परतले, तर मिकाय दिसली नाही. पण पाहुण्या माझ्या पाठोपाठ वर्गात. मला वाटलं, नर्सबाई मुलांची वजनं घेत होत्या, तिकडे असेल. नाहीतर आजी घेऊन गेली असेल." ती खुर्चीत पुढे सरकली. "दुपारी मी हजेरीच घेतली नाही. हा गुन्हा माझाच आहे, नांग. तो मी कुणावर ढकलणार नाही."

चार वाजता आजी फाटकावर आली आणि मिकाय नाही म्हणून रडू लागली. पाच वाजता ती पुस्तकांच्या जुन्या खोलीत सापडली. पत्र्याचं छप्पर, खिडकी नाही, दाराला बाहेरून कडी. पोर बेशुद्ध होती.

"आता कशी आहे?"

"सलाइन चालू आहे. डोळे उघडते आणि छताकडे बघत राहते. आजी मला खोलीत येऊ देत नाही."

"आणि तुझ्यावरच संशय का?"

"फळ्यावरच्या यादीत मिकायचं नाव आहे. पुढे पाच रेघा. लोक म्हणतात, मीच तिला शिक्षा म्हणून कोंडलं."

बोयेतचा पाव कॉफीत पडला. "जी पोरगी बोलतच नाही, तिचं नाव गोंगाटाच्या यादीत?"

"सकाळच्या पहिल्या प्रहरी एवढा शहाणपणा नको, बोयेत," नांग पिलाय उठत म्हणाली. "दिवसभर पुरवून वापर. आणि पेर्ला, माझ्या दारातल्या त्या काळ्या चपला घालून जा."

*

शाळेच्या फाटकावर नोंग तासिओ, म्हणजे तासिओदादा, वही घेऊन बसला होता. पहारा तोच, झाडलोट तोच, आणि बोयेतचा सख्खा मावसभाऊही तोच.

"नाव लिही."

बोयेतने "बोयेत" लिहिलं.

"असं नाही चालणार. आजपासून कागदावरचं नाव पाहिजे, वरून हुकूम आहे. काय रे तुझं खरं नाव?"

"चाळीस वर्षं माझ्या घरी जेवतोस आणि नाव माहीत नाही?"

"तुला माहीत आहे का माझं?"

बोयेतने तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी त्याने "विल्फ्रेदो लाचिका" असं लिहिलं आणि ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं बघत बसला.

तासिओ त्यांना व्हरांड्यातून घेऊन निघाला. चालता चालता तोंड चालूच. "एका दिवसासाठी शाळा नवरीसारखी नटवली, नांग. कुंड्या रंगवल्या. देमेत्रियो सरांनी केसांना तेल लावलं. प्रिन्सिपॉल मॅमनी एवढ्या उकाड्यात पातळ पायमोजे घातले, काळे बूट चढवले. आणि संध्याकाळी हे असं." तो चालता चालता थांबला. "मीच दार उघडलं. पोरगी कपाटाला टेकून पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं."

"किती वाजले होते?"

"शेवटच्या बोटीचा भोंगा झाला तेव्हा. पाच."

"तिथे बघायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"मला कुठलं सुचतंय! आम्ही सगळे धक्क्याकडे धावत होतो. प्रिन्सिपॉल मॅम म्हणाल्या, तासिओ, एकदा पुस्तकांची खोलीपण बघून ये."

पुस्तकांची खोली व्हरांड्याच्या टोकाला, ऑफिसच्या भिंतीला लागून होती. कडी तासिओच्या खांद्याएवढ्या उंचीवर. आत कालच्या गोष्टी तशाच होत्या. लहान खुर्ची, रंगीत खडूंची नवी पेटी, अर्धं रंगवलेलं घराचं चित्र. शेजारी बशीत बिबिंकाचा, तांदळाच्या गोड केकचा, अर्धा तुकडा, त्यावर मुंग्या.

नांग पिलायने बशी उचलली. पांढरी चिनी माती, कडेला सोनेरी रेघ.

"ही बशी कुठली?"

"पाहुण्यांची. ऑफिसातल्या काचेच्या कपाटातली. आम्हाला काल केळीच्या पानावर वाढलं."

"बघा," बोयेत कुजबुजला. "पेर्ला मॅमच खाण्याच्या कामावर होत्या. बशी त्यांच्याच हाताखालून गेली असणार. नांग, आपलं गिऱ्हाईकच गुन्हेगार निघालं तर पैसे परत करावे लागतात का?"

"शिक्षा करणारा माणूस पोरीला खाऊ देतो का, बोयेत? खुर्ची देतो? रंग देतो?"

"मग कोंडलं कशाला?"

"तेच तर," ती म्हणाली. तिच्या कपाळावरची आठी काही जाईना.

*

दुसरीच्या वर्गाला कालपासून कुलूप होतं. मुलांना आज चर्चच्या सभागृहात बसवलं होतं. तासिओने दार उघडलं, पण उंबऱ्यात खुर्ची आडवी ठेवलेली होती.

"गुरुवारची सफाईची तुकडी होती," तो म्हणाला. "साडेतीनला पोरांनी फरशीला लाल मेण लावलं, नारळाची सोडणं पायाखाली घेऊन घासलं आणि चारला गेली. मेण ओलं असलं की खुर्ची आडवी टाकतात. मग सकाळपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नाही. पोरांना विचारा, चर्चपेक्षा जास्त पाळतात."

लाल फरशी आरशासारखी चमकत होती. फक्त दारापासून फळ्यापर्यंत आणि फळ्यापासून दारापर्यंत काही मंद डाग होते. नांग पिलाय गुडघ्यांवर बसली. तिने एका डागाशेजारी, उंबऱ्याबाहेर, स्वतःचं पाऊल ठेवून पाहिलं. जवळजवळ तेवढंच.

"बोटं दिसतात का तुला यात?"

"नाही. टाच आहे, चवडा आहे. बोटं नाहीत. बुटाचा ठसापण नाही," बोयेत म्हणाला. "लंगडं भूत?"

"वहीत लिही. भूत हा शब्द सोडून."

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूची चौकट होती. वर लिहिलं होतं, 'पुसू नये'. सफाईवाल्यांनी बाकी सगळा फळा पुसून काढला होता, चौकटीला हात लावला नव्हता. बोयेतने यादी उतरवून घेतली:

जोमार – तीन रेघा.
तिंतिं – दोन.
बाबो – एक.
हॅन्झेल फेथ – पाच.

"हा फोटो पालकांच्या फोनच्या गटात फिरतोय ना? बघू तुझा."

बोयेतने फोन दिला. पोरीला शोधताना कुणा पालकाने उंबऱ्यातूनच फळ्याचा फोटो काढून टाकला होता. खाली वेळ होती, चार वाजून चाळीस मिनिटं. नांग पिलायने तो आकडा बराच वेळ पाहिला. मग फोन परत करताना ती एवढंच म्हणाली, "देवा रे."

*

देमेत्रियो सर शेजारच्या तिसरीच्या वर्गात सापडले. धिप्पाड माणूस, पायांत होडीएवढ्या रबरी चपला. टेबलावर वेताची छडी. मारायला बंदी आली तेव्हापासून ते ती नकाशा दाखवायला वापरत, पण नकाशा रोज निघत नसे.

"छडी वर्गात दिसली पाहिजे, नांग. मारायचं नाही, पण पोरांना ते सांगायचंही नाही," ते म्हणाले. "पेर्ला मॅमचं सगळंच लाडाचं. उशी काय, टेबलाखाली काय! काल तिच्या वर्गाकडे लक्ष ठेवायला मलाच सांगितलं होतं. मी दोनदा डोकावलो."

"मिकाय दिसली?"

"पहिल्यांदा दिसली. नर्सबाईच्या रांगेत. दुसऱ्यांदा, दहाच्या सुमाराला, मिकाय नव्हती."

"नर्सबाई कधी गेल्या?"

"बाराच्या बोटीने. दुसऱ्या शाळेत जायचं होतं त्यांना."

"आणि वरच्या पदासाठी तुमच्याबरोबर पेर्लाचंच नाव आहे म्हणे."

सरांचा चेहरा लाल झाला. "हो, आहे. पण त्यासाठी मी लेकरू कोंडीन? चार ते पाच मी धक्क्यावर होतो, शंभर लोकांसमोर. बोटीखाली वाकून वाकून बघत होतो. माझी धाकटी मिकायच्याच वयाची आहे." त्यांनी तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर बोयेत म्हणाला, "हाच. जो रडतो तोच."

"पावाचा तुकडा पडला तेव्हा तूपण रडायच्या बेतात होतास."

चर्चच्या सभागृहात जोपाय पहिल्या बाकावर ताठ बसली होती. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, खिशात खडू.

"मिकायचं नाव तू लिहिलंस?"

"नाही! ती बोलतच नाही. मी कशाला लिहू?" तिचे ओठ थरथरायला लागले. "मी सगळ्यांना सांगितलं. प्रिन्सिपॉल मॅम म्हणाल्या, मी पेर्ला मॅमची लाडकी आहे म्हणून खोटं बोलते. मी खोटी नावं कधीच नाही लिहीत. एकदा मी माझं स्वतःचं लिहिलं होतं."

"माझा विश्वास आहे," नांग पिलाय म्हणाली. पोरीने मोठा श्वास सोडला आणि मगच रडायला सुरुवात केली.

*

प्रिन्सिपॉल मिसेस सिसोन जूनमध्येच या शाळेवर आल्या होत्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या. टेबलावर फायलींच्या कडा एका रेषेत. पायांत आज साध्या सपाता होत्या. काळे बूट खिडकीत उन्हाला ठेवलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे.

"बूट भिजले वाटतं, मॅम?" बोयेतने सहज विचारलं.

"हं. धुतले जरा." त्यांनी फाईल उघडली. "हॅन्झेल फेथच्या बाबतीत जे झालं ते भयंकर आहे. मी रात्रभर झोपले नाही."

"ही कोण आणखी?" बोयेत गोंधळला.

"मिकाय रे," नांग पिलाय म्हणाली.

"मी मुलांना त्यांच्या नावानेच ओळखते," प्रिन्सिपॉल म्हणाल्या. "मिसेस गुम्बानना मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, पर्यवेक्षकांसमोर एकही मूल टेबलाखाली दिसता कामा नये. आमची शाळा उत्तम शिस्तीच्या शाळांच्या यादीत जाणार होती. दडपणाखाली माणसाचा तोल जातो. मी त्यांना दोष देत नाही."

बोलताना त्यांचा हात पेन सरळ करत होता. ते आधीपासूनच सरळ होतं.

*

दुपारी दोनला ऑफिसात पंखा घरघरत होता. मधल्या खुर्चीवर शिक्षण कार्यालयाच्या चौकशी अधिकारी मिसेस होफिलेन्या. एका बाजूला प्रिन्सिपॉल, दुसऱ्या बाजूला देमेत्रियो सर. पेर्ला भिंतीशी, नांग पिलायच्या काळ्या चपलांत. दारात तासिओ. मिकायची आजी आली होती, पण ती बसायला तयार नव्हती.

"पाच मिनिटं द्या," नांग पिलाय म्हणाली. "मग ज्याची सनद काढायची त्याची काढा."

तिने सोनेरी रेघेची बशी टेबलावर ठेवली.

"मिकायला शिक्षा म्हणून कोंडलेलं नव्हतं. शिक्षा करणारा बिबिंका देत नाही, नवे रंग देत नाही. तिला लपवलं होतं. पाहुण्या येऊन जाईपर्यंत, अर्धा तास. आणि मग लपवणारा माणूस तिला विसरला."

आजीने पदरासारखा हातरुमाल तोंडावर दाबला.

"बशी माझ्या हातूनही गेली असेल," पेर्ला हळूच म्हणाली.

"गेली असेल. म्हणून बशी एकटी पुरत नाही. आता फळा बघा. बोयेत, वाच."

बोयेतने यादी वाचली.

"जोमार, तिंतिं, बाबो. ही मुलांनी एकमेकांना मारायच्या हाका आहेत. तिंतिंचं कागदावरचं नाव काय, सर?"

देमेत्रियो सरांनी डोकं खाजवलं. "कुणाला माहीत!"

"जोपायलाही माहीत नाही. आपल्याकडे घरचं नाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं. आज सकाळी तासिओला आपल्या मावसभावाचं नाव सांगता आलं नाही. मग चौथं नाव 'हॅन्झेल फेथ' कसं? जोपायने लिहिलं असतं तर 'मिकाय' लिहिलं असतं. पेर्लाने लिहिलं असतं तरी 'मिकाय'. सरांनीही 'मिकाय'. सकाळी माझ्यासमोर त्यांनी दोनदा तेच म्हटलं. हे नाव अशा माणसाने लिहिलं, ज्याला ही पोरगी फक्त कागदावरून माहीत आहे."

"नर्सबाई!" बोयेत ओरडला. "त्यांच्याकडे वजनांची यादी होती!"

"शाबास. पण नर्सबाई बारालाच गेल्या, आणि नाव चारनंतर लिहिलं गेलं. फरशीला मेण लागलं साडेतीन ते चार. पावलं त्या मेणावर उठली आहेत. लहान पावलं. सरांची होडी नाही ती. बूट नाहीत, कारण ओल्या मेणावर बूट घालून जायचं नाही हे इथे हाडात भिनलंय. दारात बूट काढले गेले. पण बोटंही उठली नाहीत. कारण पायांत पातळ मोजे होते."

तासिओची मान हळूहळू प्रिन्सिपॉलकडे वळली.

नांग पिलाय खिडकीपाशी गेली. तिने काळ्या बुटातला कागदाचा बोळा काढला आणि बूट मिसेस होफिलेन्यांसमोर धरला. बाहेरून तो लख्ख होता. आतलं अस्तर गुलाबी झालं होतं, टाचेपाशी लाल.

"धुतलंत, मॅम, पण मोज्यांवरून आत उतरलेलं मेण पाण्याने निघत नाही."

मिसेस सिसोन उठल्या, पुन्हा बसल्या. "मी तिला दुखवलं नव्हतं. बाकी मुलं बाहेर वजनाच्या रांगेत होती, ती एकटीच टेबलाखालून निघेना. पाहुण्या फाटकाशी पोचल्या होत्या. मी तिला खाऊ दिला, रंग दिले. अर्धा तास, एवढंच ठरवलं होतं. मग जेवण, भाषणं, त्यांना बोटीवर सोडणं... माझ्या डोक्यातून गेलं. माझ्या डोक्यातून गेलंच हो!"

"विसरणं माणसाकडून होतं," नांग पिलाय म्हणाली. तिचा बारीक आवाज आता आणखी बारीक झाला होता. "पेर्लाही हजेरी विसरली. इथवर तुम्ही दोघी एका बाकावर आहात. पण हा फोटो चार चाळीसचा आहे. पोरगी सापडली पाचला. म्हणजे चारला आजीने हंबरडा फोडला तेव्हा तुम्हाला आठवलं. दार इथून दहा पावलांवर. तुम्ही आधी दार नाही उघडलंत. आधी खडू उचललात."

"व्हरांड्यात माणसंच माणसं होती," प्रिन्सिपॉल ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "मला वाटलं, पांगले की गुपचूप काढीन. म्हणून धक्क्याकडे पाठवलं. पण ते परत येत होते, सारखे परत येत होते... शेवटी मीच तासिओला सांगितलं."

"वीस मिनिटं तरी," आजी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "वीस मिनिटं माझी पोर त्या भट्टीत होती आणि तू तिच्या नावापुढे रेघा मारत होतीस."

मिसेस होफिलेन्यांनी पेर्लाची फाईल मिटली आणि दुसरा कोरा कागद पुढे ओढला. आजी सावकाश पेर्लाजवळ गेली. "चल," ती म्हणाली. "ती उठली की तुझी उशी शोधेल."

*

तीन आठवड्यांनी नांग पिलायला आपल्या काळ्या चपलांची आठवण झाली. तिने बोयेतला शाळेत पाठवलं.

पेर्ला वर्गात नव्हती. ती शेजारच्या ऑफिसात काहीतरी सही करायला गेली होती, आणि वर्गात कालवा चालला होता. बोयेत उंबऱ्यात थांबला. जोपाय फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती, चेहरा न्यायाधीशाचा.

तेवढ्यात पेर्ला आली. कालवा तुटला. तिने फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकली. चौकटीत आज एकच नाव होतं.

मिकाय – एक रेघ.

"जोपाय," पेर्ला म्हणाली. "हे काय? असली थट्टा..."

"थट्टा नाही, मॅम." जोपायला राग आला होता. "बोलली ती. मी ऐकलं. बाबोने तिचा लाल रंग घेतला, तर म्हणाली, 'दे इकडे, माझा आहे.' मोठ्याने म्हणाली. मी खोटी नावं लिहीत नाही."

तिसऱ्या बाकावर एक लहान मुलगी लाल खडू मुठीत घट्ट धरून खाली मान घालून बसली होती. शिक्षा होणार म्हणून घाबरलेली, अगदी इतर मुलांसारखी.

पेर्लाने डस्टर उचललं, मग परत ठेवलं. "नियम म्हणजे नियम," ती कशीबशी म्हणाली. "उद्या सकाळी मिकाय बागेला पाणी घालेल."

आणि ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ. बोयेत चपला मागायला विसरला.